पुठ्ठ्यावरचा अर्धा जबाब

विश्रांतवाडीतल्या त्या चोरीचा विषय निघाला की घरात सगळे मला हसतात. मीही हसून घेतो. पण ते प्रकरण अजून मनातून जात नाही.

आयटीच्या नोकऱ्यांनी पुणं नुकतंच फुगायला लागलं होतं आणि मी तिथल्या पोलीस चौकीत फौजदार होतो. एका सॉफ्टवेअर इंजिनिअरने फिर्याद दिली की थोरल्या बहिणीचं बोलणारं यंत्र चोरीला गेलं. चाळिशीतल्या या ताईंना जन्मापासून बोलता येत नव्हतं, हातपायही धड ताब्यात नव्हते. भावाने परदेशातून यंत्र आणलं. चित्रावर बोट टेकवलं की ते 'पाणी हवं', 'उकडतंय' असं बोलायचं.

संशय ताईंना सांभाळायला येणाऱ्या मावशींवर. तेवढ्यात खबर आली, जुन्या मोबाइलच्या एका दुकानात तसलंच यंत्र विकायला आलंय. दोन शिपाई घेऊन जीपने धावलो. निघालं एबीसीडी म्हणणारं खेळणं. तो राग मावशींवर काढला. चौकीत दोन तास चौकशी, उत्तर एकच.

"माझं कोण मानणार, साहेब? ताईंना विचारा."

"बोलता येत नाही त्यांना."

"पण तुम्ही विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. पंचनाम्याच्या वेळी ताई समोरच खुर्चीत होत्या आणि मी सगळे प्रश्न भावाला विचारले होते. सौ. म्हणते, "त्यात नवल काय? घरी तरी कुठे विचारता?"

मावशींना घेऊन परत गेलो. त्यांनी पलंगाखालून मुळाक्षरं लिहिलेला जुना पुठ्ठा काढला. मावशी अक्षरांवरून बोट फिरवायच्या, हवं ते अक्षर आलं की ताई डोळे मिटायच्या. मी जबाब लिहीत गेलो. तासाभरात तीन वाक्यं झाली.

'यंत्र मीच लपवायला सांगितलं. कपाटात आहे. त्याने पाणी मिळतं, पण जवळ कोणी बसत नाही.'

"अगं, तुझ्या सोयीसाठीच आणलं ना," भाऊ म्हणाला. यंत्र येण्याआधी रोज संध्याकाळी भाऊच तो पुठ्ठा घेऊन ताईंजवळ बसायचा, हे मावशींनी मला नंतर सांगितलं.

मावशी सुटल्या. मी टोपी उचलली, तर ताईंनी माझ्याकडे बघून पुन्हा पुठ्ठ्याकडे मान वळवली. दोन अक्षरं झाली आणि चौकीतून फोन आला. "उद्या येतो, ताई," म्हणालो. उद्या बंदोबस्त निघाला, परवा कोर्टाची तारीख, मग बदली.

ज्याची गोष्ट त्यालाच विचारायचं, हे त्या दिवशी शिकलो. उत्तर पुरं होईपर्यंत बसायचं, हे कळलं निवृत्तीनंतर, घरात बसायला वेळच वेळ मिळाला तेव्हा. एकदा त्या इमारतीत गेलोही. दारावर दुसऱ्याच नावाची पाटी होती.