दुमडलेल्या बाह्या

पनवेलच्या एस.टी. स्टँडसमोर एका मिस्त्रीचं लेथचं वर्कशॉप होतं. नव्वदीच्या सुरुवातीला मी रोज तिथून उरणची गाडी पकडायचो. शिकाऊ पोराला तो पहिल्या दिवसापासून पगार द्यायचा, त्याच्यासाठी जेवणाचा डबाही घरून आणायचा. मशीन सुरू करण्याआधी पोराच्या बाह्या मात्र स्वतः कोपरापर्यंत दुमडायचा; सैल कापड लेथमध्ये अडकलं तर हातच जायचा. पोरं शिकली, की उरणचे बडे कारखाने ती आयती उचलायचे. मग हा उरणहून येणाऱ्या गाड्यांच्या खिडक्या न्याहाळत बसायचा.

एकदा मी चिडून म्हटलं, “परत बोलवा की एखाद्याला!”

“नाय वो, तिकडं बरी हायेत. तुमी जाता तर येवढं बघा, बाह्या दुमडतात का?”

वर्कशॉप कधीच बंद झालं. उरणच्या गाडीत कुणी तरुण चढला, की माझी नजर अजून आधी त्याच्या बाह्यांवर जाते.