डावीकडे बसणाऱ्यानं बोलायचं

गाडीवर जीव लावणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण गाडीला ताप आलाय का हे बॉनेटवर उलटा पंजा ठेवून बघणारी बाई अख्ख्या महाराष्ट्रात एकच झाली असेल, आणि माझं नशीब असं की तीच माझी घरमालकीण निघाली. नाशिक रोडला एका कॉलनीत त्यांचं छोटं घर होतं आणि गच्चीवरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. मी किनवटकडचा. नववीनंतर शाळा सुटली, गाव सुटलं, आणि सिन्नरच्या एमआयडीसीत काम लागलं म्हणून या अनोळखी मुलखात येऊन पडलो. मला सगळ्याचीच भीती वाटायची. सुपरवायझरची, रस्ता ओलांडायची, घरून अवेळी आलेल्या फोनची. आणि घरमालकीणबाईंना कशाचीच वाटत नव्हती. सगळा जन्म सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढलेला. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, काकू ड्रायव्हिंग स्कूलला गेल्या. शिकून झाल्यावर शोरूममधून एक कोरी करकरीत पांढरी गाडी आणली आणि त्या दिवसापासून त्यांचा वॉर्ड पुन्हा सुरू झाला. फक्त पेशंट एकच, आणि तो अंगणात उभा.

सकाळी काकूंचा राऊंड असायचा. साबणानं हात धुतल्याशिवाय त्या बॉनेट उघडत नसत. ऑइलची पट्टी ओढून, पुसून, पुन्हा बुडवून उजेडात धरायच्या, ती अगदी थर्मामीटर धरल्यासारखी, हात लांब करून आणि एक भुवई वर चढवून. कूलंटची पातळी बाहेरूनच बघायच्या. इंजिन गरम असताना ते झाकण उघडायला मी एकदा हात पुढे केला, तर माझ्या मनगटावर अशी चापट बसली की तसली मला त्याआधी फक्त शाळेतच मिळाली होती. "वाफ तोंडावर आली म्हणजे? भाजलेल्यांच्या वॉर्डात ड्यूटी केलीय मी, गृहस्था!" मला त्या गृहस्थ म्हणत. लग्न नाही, कार्य नाही, पण गृहस्थ. टायरची हवा म्हणजे बीपी. ती गाडी थंड असतानाच मोजायची, कारण "जिना चढून आलेल्या माणसाचं बीपी घेतात का कधी?" आणि मागे डिकीत पडून असलेल्या स्टेपनीचंही बीपी घ्यायचंच. "ती बिचारी बोलत नाही म्हणून तिच्याकडे बघायचं नाही? वॉर्डात असाच गप्प पेशंट आधी दगावतो."

गाडीबरोबर आलेलं माहितीचं जाड पुस्तक त्यांनी लाल फडक्यात बांधून ठेवलं होतं आणि दुपारी जेवणानंतर त्याचं पारायण चालायचं. पुस्तक इंग्रजी, श्रोता मी. त्या वाचायच्या, मराठीत सांगायच्या आणि मध्येच "कळलं का?" म्हणून चष्म्यावरून बघायच्या. मी मान हलवायचो. मग परीक्षा. मी शाळा सोडली होती, पण शाळेनं मला असं नाशिक रोडला येऊन गाठलं. गणपतीही त्या पुस्तकासोबतच, डॅशबोर्डच्या कप्प्यात. सगळ्या गाड्यांत तो समोर डॅशबोर्डवर चिकटवलेला असतो, म्हणून शेजारच्या वहिनींनी विचारलं, देवाला असं कोंडून का ठेवलंत? काकू म्हणाल्या, "अहो, तिथून एअरबॅग फुटते. फुटली की तुमचे गणपती थेट माणसाच्या कपाळात. त्यापेक्षा आत बसून पुस्तक वाचू दे त्याला, विद्येचाच देव आहे."

नव्या गाडीची पूजा मात्र त्यांनी यथासांग केली. पंचवटीत, तिथल्या त्या चिंचोळ्या गल्लीत. गुरुजींनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, झेंडूचा हार घातला आणि मग पुढच्यासारखं मागंही असावं म्हणून मागच्या दारावर अंगठ्यानं ठसठशीत कुंकू ओढलं. ते नेमकं मागच्या कॅमेऱ्यावर. गल्लीतून गाडी मागं घेताना काकूंनी रिव्हर्स टाकला आणि समोरचा पडदा लालभडक झाला. मी किंचाळलो, "काकू, गाडी पेटली!" मागं भाजीवाली, तिच्यामागं दोन रिक्षा, आणि सगळे हॉर्न माझ्याच नावानं वाजतायत असं मला वाटत होतं. काकूंनी शांतपणे हॅंडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, उतरून मागं गेल्या आणि गुरुजींना म्हणाल्या, "गुरुजी, तिच्या डोळ्यात कुंकू गेलंय हो." मग पर्समधून कापूस काढला, बाटलीतल्या उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवला आणि नाकाकडून कानाकडे पुसतात तसा एका दिशेनं तो कॅमेऱ्याचा डोळा पुसला. वापरलेला कापूस पुन्हा लावला नाही. दुसरा घेतला. रिक्षावाले हॉर्न वाजवायचे थांबले होते. एकानं तर पागोटं सावरून गाडीला नमस्कारही केला.

पट्ट्याशिवाय त्यांच्या गाडीत कोणालाच बसता येत नसे आणि कोणालाच म्हणजे कोणालाच. पुढच्या सीटवर कलिंगड ठेवलं की गाडी ओरडायला लागायची, तिला वाटायचं माणूसच बसलाय. मी म्हटलं, मागं ठेवू या. काकू म्हणाल्या, "का? ब्रेक मारल्यावर तुझ्या डोक्यात यायला?" आणि कलिंगडाला पट्टा लावला. घरी पोचेपर्यंत मी मागच्या सीटवर, अर्थात पट्ट्यासकट, आणि पुढं ते हिरवं कलिंगड साहेबासारखं. गाडी शिकवतानाही तसंच. मोकळ्या मैदानात त्यांनी मला जोरात ब्रेक दाबायला लावला. पायाखाली पेडल असं थरथरलं की मी पाय उचलून वर घेतला. "दाब! थरथरलं तरी दाबूनच धरायचं. चाक लॉक होऊ नये म्हणून तीच काळजी घेतेय ती. पेशंट थरथरला म्हणून सुई अर्ध्यात काढतात का?" त्यांच्यामुळे मला लायसन्स मिळालं. आमच्या घरात ते पहिलंच. आईला फोनवर सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "त्या बाईच्या पाया पड." पण लायसन्स खिशात असूनही हायवेवर मी कधी चाक हातात घेतलं नव्हतं. ट्रक दिसला की माझे तळहात ओले व्हायचे.

हायवेवर जायच्या त्या काकूच. दर रविवारी, सिन्नरला. तिथं त्यांची थोरली बहीण होती. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली, खिडकीकडे तोंड करून दिवस काढणारी. काकू तिला न्हाऊ घालायच्या, वेणी घालायच्या, भरवायच्या आणि आठवड्याभराचं बोलून परतायच्या. एसटीच्या पायरीला त्यांचे गुडघे केव्हाच नाही म्हणाले होते. खरं तर गाडी घेतली ती त्या रविवारासाठी. मी सोबतीला डावीकडे. आणि डावीकडे बसणाऱ्याला त्यांचा एक नियम होता. "तू सामान नाहीस, गृहस्था. चालवणाऱ्याला जे दिसत नाही ते डावीकडच्यानं बोलायचं. राग येईल, वाईट वाटेल, असला विचार करायचा नाही. ऑपरेशनमध्ये सर्जनचा हात चुकतोय असं दिसलं तर नर्सनं बोलायचं असतं." मी हो म्हणायचो. बोलायचो मात्र कधीच नाही. त्यांचं काही चुकायचंही नाही.

दुसरा नियम त्यांचा स्वतःसाठी होता. निघण्याआधी फाटकाशी उभं राहून रस्त्यापलीकडच्या रिक्षाची नंबरप्लेट मोठ्यानं वाचायची. ती रिक्षा नानांची. नाना मूळचे खेड्यातले, जिभेला हाड नसलेले. काकू नंबर म्हणायला लागल्या की ते आतूनच ओरडायचे, "काय सिस्टरबाई, आज पास का नापास?" "पास!" "मंग लय झालं! पेढे कवा?" आणि काकू मला प्रत्येक वेळी सांगायच्या, "ज्या दिवशी हा नंबर वाचता येणार नाही, त्या दिवशी किल्ली खुंटीला. सिन्नर नाही, काही नाही." मला त्या दिवसाची भीती वाटायची. इतक्या भीत्या जवळ होत्या, त्यात ही एक आणखी.

तो रविवार आला तेव्हा तो इतर रविवारांसारखाच दिसत होता. डबा भरलेला, हवा तपासलेली, बहिणीसाठी घेतलेली द्राक्षं मागच्या सीटवर पट्ट्यात. काकू फाटकाशी उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात त्यांनी नंबर वाचला. शेवटचा आकडासुद्धा गिळला नाही. पण पलीकडून "पास का नापास" आलं नाही. मी बघितलं तर नाना रिक्षाबाहेर उभे, हातातला फडका तसाच, आणि माझ्याकडे बघतायत. मग मी प्लेट बघितली. रिक्षा काळीपिवळीच, उभी तिथंच, त्याच झाडाखाली, पण नंबर भलताच. नानांची रिक्षा पासिंगला गेली होती. ही त्यांच्या मेव्हण्याची होती.

काकू आत बसल्या. सीट, आरसे, पट्टा, सगळं क्रमानं झालं. मी डावीकडे बसलो. माझ्या मनात एकाच वेळी सगळं आलं. मला ताप आला तेव्हा कपाळावर घड्या ठेवायला जिना चढून येणारे त्यांचे ते गुडघे. सिन्नरची खिडकी. हे घर गेलं तर या गावात माझं दुसरं कोण आहे. काकूंनी पहिला गिअर टाकला.

"काकू, थांबा."

"काय? दार नीट लागलं नाही?"

"दार लागलंय." मी पलीकडे बोट दाखवलं. "नंबर... तो नंबर नव्हता."

"नव्हता म्हणजे? वाचला की आत्ता."

"नानांची रिक्षा पासिंगला गेलीय. ही दुसरी आहे."

त्यांनी डोळे बारीक करून पलीकडे बघितलं. मग गिअर न्यूट्रलला आणला, हॅंडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. नाना हळूहळू रस्ता ओलांडून खिडकीशी आले. "सिस्टरबाई, मी सांगनारच हुतो. पन जीभ नाय वळली." नानांची जीभ वळली नाही, असं या पृथ्वीवर पहिल्यांदाच घडत होतं.

"तुमचं काय चुकलं, नाना," काकू म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, अगदी हळू, "मी खोटं नाही रे वाचलं. मला दिसतच होतं. पाठ असलं ना, की दिसल्यासारखं वाटतं."

मला वाटलं आता त्या उतरून घरात जातील आणि दार लावून घेतील. त्या उतरल्या खऱ्या. बॉनेटला हात लावून गाडीच्या पुढून वळसा घातला आणि डावीकडचं दार उघडलं.

"उतर, गृहस्था. ही जागा माझी."

"काकू, मी हायवेवर कधी..."

"ती वाट बघतेय तिकडे. उतर."

त्या दिवशी नाशिक रोड ते सिन्नर मी कसं चालवलं ते मला आठवत नाही. काकू काय बोलल्या तेवढं आठवतं. "आरसा बघ. मागच्या ट्रकला जाऊ दे, त्याला घाई आहे, आपल्याला नाही. पुढच्याचा बंपर इतका जवळ घेऊ नकोस, त्याच्याशी सोयरीक नाही जमवायचीय. खांदे सोड. श्वास घे, बाळंत नाही व्हायचंय तुला." मोहदरी घाटात माझे तळहात ओले झाले तेव्हा त्यांनी न बघताच रुमाल पुढे केला, आणि लगेच मागंही घेतला. "आत्ता नको. दोन्ही हात स्टिअरिंगवर. वळण संपलं की पूस." सिन्नरला बहिणीनं खिडकीतूनच बघितलं आणि तिरप्या ओठांनी विचारलं, "आज तू नाही चालवलीस?" काकू तिच्या केसांत फणी घालत म्हणाल्या, "आज मी बोलले. ते जास्त अवघड असतं."

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. किल्ली खुंटीला गेली, ठरल्याप्रमाणे, पण रविवार गेला नाही. रविवारी ती खुंटीवरून उतरायची आणि माझ्या हातात यायची. त्या रविवारांच्या जोरावरच मी ड्रायव्हर झालो, आणि ड्रायव्हर झालो म्हणूनच आता इथं आखातात एका शेठजींची गाडी चालवतो. किनवट लांब होतंच, आता नाशिकही लांब गेलं.

काकूंची गाडी आता रविवारी नाना चालवतात. जन्मात पट्टा न लावलेला तो माणूस कलिंगडासारखा गप्प पट्ट्यात बसतो म्हणे. त्याआधी काकू त्यांना फाटकाशी उभं करून समोरच्या गाडीचा नंबर वाचायला लावतात. नाना एकदा फोनवर मला तक्रार सांगत होते, "अरं, माझीच रिक्षा हाय ती! पाठ हाय मला तिचा नंबर!" मागून काकूंचा आवाज आला, "पाठ आहे म्हणूनच सांगतेय, दुसरीची वाचा."

माझी चौकशी मात्र तीच असते. हवा कधी बघितलीस, स्टेपनीची बघितलीस का, डोळे तपासून घेतलेस का. परवा बोलता बोलता मी त्यांना सांगितलं की इथं सगळं उलटं आहे, गाडीत चालवणारा डावीकडेच बसतो.

"म्हणजे माझ्या जागेवर बसतोस की तू," त्या म्हणाल्या. "मग बोलत जा हो स्वतःशी. गप्प बसू नकोस."

मागं बसलेल्या शेठजींना वाटतं, हा ड्रायव्हर देवाचं काहीतरी पुटपुटतो. मी आरसा बघतो, खांदे सोडतो, पुढच्याशी सोयरीक नको म्हणतो. उजवीकडे सीट रिकामी असते. तिचाही पट्टा मी लावून ठेवतो.