ओढायची आणि सोडायची पेटी

२०२१च्या जानेवारीत नवऱ्याला कोविडमुळे हॉस्पिटलात ठेवावं लागलं. भेटायला परवानगी नव्हती. आयर्लंडमधल्या पोर्टलीश गावातल्या घरात मी आणि आमची मुलगी फोनकडे डोळे लावून बसायचो. ऑक्सिजन कमी पडला की पेशंट कधीकधी असंबद्ध बोलतात, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून त्याचा शब्द न् शब्द मी धास्तावून ऐकत होते.

एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज दमलेला.

"आज बरं वाटतंय. ट्रेकस्पिल केलं."

"काय केलं?"

"ट्रेकस्पिल. म्हणजे आपली पेटी गं. ओढायची, सोडायची..." पुढे खोकल्याची उबळ आली आणि फोन बंद झाला.

"बाबा इज नॉट मेकिंग सेन्स, इज ही?" मुलीनं विचारलं. मी लगेच वॉर्डचा नंबर लावला.

"ही'ज ग्रँड," नर्स म्हणाली. ग्रँड म्हणजे छान, ठीक; पण इथे आयर्लंडमध्ये सगळंच ग्रँड असतं, त्यामुळे मला ते पटेना. "अहो, तो ट्रेकस्पिल की काय, कुठल्यातरी पेटीबद्दल बरळतोय!" मी रडकुंडीला आले होते. तिनं फोन शेजारच्या फिजिओथेरपिस्टकडे दिला. ती मूळची नॉर्वेची. ऐकून हसायलाच लागली.

"तो शब्द माझा आहे. आम्ही अकॉर्डियनला ट्रेकस्पिल म्हणतो. ट्रेके म्हणजे ओढणं, स्पिल म्हणजे वाजवणं. हे दोन्ही शब्द फार पूर्वी जर्मन व्यापाऱ्यांबरोबर आमच्याकडे आले. वाद्य खूप नंतर आलं, तेव्हा लोकांनी ते जोडून त्याचं नाव केलं. श्वासाचा व्यायाम करताना तुमच्या मिस्टरांना मी म्हटलं, छाती ट्रेकस्पिलच्या भात्यासारखी हळू ओढा, हळू सोडा. तर शब्द कुठून आला ते सांगितल्याशिवाय ते श्वासच घेईनात! वर मला शिकवलं, तुमच्याकडे भात्याच्या वाद्याला पेटी म्हणतात."

मागून नर्सचा आवाज आला, "आम्ही आयरिश लोकसुद्धा अकॉर्डियनला बॉक्सच म्हणतो!"

नाकात नळी असताना शब्दाचं मूळ विचारणारा माणूस पूर्ण शुद्धीवर होता. अगदी नेहमीसारखा होता. मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि पोटभर रडले. मुलीनं चहाचं पाणी ठेवलं.

थोड्याच दिवसांत तो घरी आला. मी मऊ वरणभात केला. पहिला घास घेऊन तो म्हणाला, "मीठ कमी आहे."

चवसुद्धा परत आली होती.