पाटकऱ्याचं बुकिंग

सणसरचे गेणबा तीस वर्षं कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या उसाला कधी पाणी सोडायचं, हे तेच बघायचे. नात राजनंदिनीनं कोलाडला राफ्टिंगला जायचा हट्ट धरला, तेव्हा चौकशीचे फोन त्यांनीच लावले.

पहिले दोन गाईड म्हणाले, "कधीही या, बोट तयार आहे."

गेणबांनी फोन आपटला. "धरणाचं पाणी कुणासाठी थांबत न्हाय. खोटारडे."

तिसरा गाईड म्हणाला, "सकाळी धरणातून पाणी सुटतं. उशीर केलात तर बोट थांबणार नाही."

"ह्याचंच बुकिंग कर," गेणबा नातीला म्हणाले, "दोघांचं."

"आबा, तुमाला पवायला कुठं येतंय?"

"न्हाय येत. पण जलमभर पाणी दुसऱ्याच्या रानात धाडलं. आता एकदा त्याच्यासंगं जाऊन बघतो."