खांबाच्या खड्ड्यातला जबडा

मी मॅडमना जागा खोटी सांगितली. हे आजवर मी कोणालाच बोललो नाही, बायकोलाही नाही. जबडा खरा होता, त्यातले दात खरे होते. तो कुठे सापडला, तेवढं खोटं.

मी वीज खात्यातला माणूस, भद्रावतीला राहतो. लहानपणी शेगडीसाठी आणलेला कोळसा फोडताना एका चपट्या काळ्या तुकड्यावर पानाचा ठसा निघाला होता, शिरांसकट. तो मी शेगडीत जाऊ दिला नाही. तिथून हा नाद. पुढे नोकरीने त्याला खतपाणीच मिळालं. लाईन टाकायची म्हणजे आधी खांबांचे खड्डे, आणि आमच्या भागात जमीन कमरेएवढी खोदली की खाली काय निघेल ते सांगता येत नाही. खाणीच्या बाजूला पानांचे ठसे, सिरोंच्याकडे दगड झालेलं लाकूड, वरोऱ्याच्या बाजूला पांढरट मुरुमात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची हाडं. माणसांना तो नुसता मुरूम वाटतो. मी खड्ड्याच्या काठावर बसून मातीचा ढीग हाताने चाळायचो आणि साहेब कामावर लक्ष ठेवून आहेत असं सगळ्यांना वाटायचं.

तो खड्डा वरोऱ्याकडच्या एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रस्त्याला लागून होता. मुरुमात एक लांबट, जड तुकडा आला. मी तो जिभेला लावला. जुनं हाड असलं की जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. हे चिकटलं. आमच्या टोळीतले सगळ्यात जुने लाईनमन, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, ते तारेचं वेटोळं सोडवत बघत होते.

"साहेब दगड चाटून राह्यले," ते बाकीच्यांना म्हणाले. "बाईनं डबा देल्ला नाई वाटते आज."

सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "खार आहे का पाहून राह्यलो, खांब गंजतो मग."

"सिमेंटचा खांब गंजते?"

मी पुन्हा मातीचा ढीग चाळायला लागलो. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाभळीखाली गेले तसा मी खड्ड्यात उतरलो. तुकड्यावरची माती झटकली तर दात दिसले. खड्ड्याच्या भिंतीत त्याच थरात आणखी पांढरं काही आत गेलेलं होतं. किती आत, ते कळत नव्हतं. मी तिथेच काम थांबवून कोणाला तरी बोलवायला हवं होतं. मी जबडा खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवला आणि जेवून आलेल्या माणसांना खांब उभा करायला लावला. काँक्रीट माझ्यासमोर ओतलं गेलं. मनात हिशेब असा, की खूण पक्की झाली. खांब कुठे जात नाही. सवडीने येऊ, बाजूने खोदू, उरलेलं काढू.

मी अनेकदा सवडीने गेलो. आणि प्रत्येक वेळी हात हलवत परत आलो. चालू लाईनच्या खांबाच्या पायाशी खोदलं तर खांब कलतो, हे दुसऱ्याला शिकवण्यात माझ्या नोकरीची वर्षं गेली. माझ्याच हाताने मी त्या जागेवर पहारेकरी उभा केला होता.

मग मी मॅडमकडे गेलो. चंद्रपूरच्या एका कॉलेजात त्या भूगर्भशास्त्र शिकवायच्या. याआधी मी त्यांना पानांचे ठसे नेऊन दाखवले होते. त्या कधी फुशारकी मारू द्यायच्या नाहीत, पण चहा द्यायच्या. जबडा बघून चहाचं विसरल्या. खिडकीपाशी नेऊन त्यांनी तो कितीतरी वेळ फिरवून पाहिला.

"कुठी सापडलं भाऊ?"

मी म्हणालो, "जिवतीकडे. डोंगराखालच्या नाल्यात."

ते वाक्य मी ठरवून नेलेलं नव्हतं. काँक्रीट ओतल्याची चौकशी होईल अशी भीती होती, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. ते निम्मंही खरं नाही. त्या तिथे जातील, रीतसर परवानगी काढून खांब हलवतील, आतलं सगळं त्यांच्या हाती येईल, एवढंच मला सोसवत नव्हतं. जिवती तोंडात आलं, कारण तेव्हा माझी ड्यूटी तिकडे लागत होती, आणि ते लांब होतं.

त्यांनी दातांच्या फटीत अडकलेली माती नखाने काढली. "ही माती मले वरोऱ्याकडची वाटते."

"नाई मॅडम. जिवतीचीच. मीच काढलं ना."

त्यांनी ती माती बोटांत चुरून पाहिली. मग म्हणाल्या, "तुम्ही काढलं म्हणता तर तेच खरं. माती फसवते कधी कधी."

त्यांनी जबड्यावर लेख लिहिला. त्यात नाल्याची जागा दिली. दर वर्षी पावसाळा सरला, नाल्यांनी काठ धुऊन काढले, की त्या विद्यार्थी घेऊन जिवतीला जाऊ लागल्या. काही मिळायचं नाही. परतताना वाट वाकडी करून माझ्याकडे यायच्या आणि सीताफळं देऊन जायच्या. मुलं आपसात त्या सहलीला सीताफळ मोहीम म्हणतात, हेही त्यांनीच हसत सांगितलं. सीताफळं बायकोने आणि शेजाऱ्यांनी खाल्ली.

दगड गोळा करणं मात्र मला जमेना. पानाचा ठसा हातात घेतला तरी आता कोणीतरी याची जागा विचारेल, असं वाटे. म्हणून मी दुसरं काही धरलं. आधी चिनीमातीचे जुने इन्सुलेटर, तारा ज्यावर बसवतात ते पांढरे-तपकिरी कप. खात्यात ते भंगारात जायचेच. मग बैलांच्या गळ्यातल्या घंटा. धानोऱ्याच्या बाजाराला जाणं झालं तेव्हा जंगलातल्या बिया, बाटल्यांत भरून. नंतर एसटीची जुनी तिकिटं. नवा छंद लागला की सुरुवातीचे काही महिने फार बरे जायचे. नव्या वस्तूविषयी मी अजून कोणाशी खोटं बोललेलो नसायचो. रात्री झोप लागायची.

बायको आधी काही बोलली नाही. बाटल्या स्वयंपाकघराच्या फळीवर आल्या तेव्हा बोलली.

"आता काय गोळा करून राह्यले?"

"बिया."

"पेरता का खाता?"

"ठेवतो."

"ठेवा. एका फळीवर मले बी ठेवा, चिठ्ठी लावून. येणारे-जाणारे पाहतीन तरी."

पाहुणे आले की मी आधी इन्सुलेटर दाखवायचो, मग घंटा वाजवून दाखवायचो. दगडांच्या पेट्यांपर्यंत कोणी पोचू नये अशी ती मांडणी होती. पण प्रत्येक छंद शेवटी त्याच वळणावर यायचा. एका शेतकऱ्याकडे मोठी घंटा पाहिली की ती दुसऱ्या कोणाला दिसू नये असं वाटायचं. बाजारातल्या बाईने वेगळी बी दिली की ती कुठून आणली हे कोणी विचारलं तर मी उगाच भलत्या गावाचं नाव सांगायचो. कशासाठी? बी होती ती. तेव्हा मला माझी भीती वाटली. घंटा तशाच गुंडाळून माळ्यावर टाकल्या.

मॅडम निवृत्त झाल्या. गेल्या हिवाळ्यात फोन आला.

"भाऊ, एकदा तुम्हीच चला सोबत. नेमकी जागा दाखवा. माझे गुडघे आता फार दिवस ऐकत नाईत."

मी कारणं सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि रविवार ठरवला. गाडीत सगळा रस्ता मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो. राजुरा मागे पडलं, गडचांदूर मागे पडलं, घाट लागला, आणि मी त्यांना कापसाचं बोलत होतो. नाल्याशी उतरल्यावर मी एका वळणाकडे बोट केलं. कुठल्याही वळणाकडे केलं असतं तरी चाललं असतं.

त्या काठी टेकत खाली गेल्या. बसून, सरकून, त्यांनी तो काठ विताविताने पाहिला. एक खडा जिभेला लावला, थुंकला, दुसरा लावला. मी वर पाण्याची बाटली धरून उभा.

दुपारी त्या वर आल्या आणि दगडावर बसल्या. मी पाणी दिलं.

"तुम्ही लाईन टाकता टाकता जाता जाता पाहिलं, अन तुमाले दिसलं," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं येऊन राह्यली, मले नाई दिसत. मले नजरच नाई, भाऊ. मुलांना शिकवत राह्यली उगाच."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. मी म्हणालो, "ऊन फार झालं मॅडम, निघू."

यावर्षी त्या वरोऱ्याकडच्या रस्त्याचं रुंदीकरण निघालं. जुने लाईनमन भाऊ आता घरीच असतात, पण त्यांना सगळ्या बातम्या असतात. त्यांनी सहज फोन केला. "तुमी दगड चाटला होता ना, तो खांब उपटून राह्यले."

मी सुट्टी न टाकता गेलो. खांब आडवा पडला होता, मशीनने धुरा पार कापून नेला होता. खड्ड्याच्या जागी माझ्या डोक्याच्या वर जाईल एवढा खळगा. त्यातला मुरूम पुढे रस्त्याच्या कडेला भराव म्हणून टाकून त्यावर रोलर फिरवलेला. मी त्या भरावावर उकिडवा बसलो. दाबलेल्या मुरुमात पांढऱ्या चपट्या कपच्या होत्या. नखाने एक काढली, ती चुरा झाली. जिभेला लावली. चिकटली.

मुकादम लांबून ओरडला, "ओ भाऊ, सरका तिथून, टँकर येऊन राह्यला."

मी सरकलो. टँकरने पाणी मारलं.

आता दाखवायला जागा उरलेली नाही, आणि मॅडम माझ्या शब्दावर विश्वास ठेवतील की नाही हे मला माहीत नाही. ठेवू नये, असंच मला वाटतं. हे कागदावर उतरलं म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचलं, असंही मी धरत नाही. त्यांच्या दारात जाऊन, त्यांचे जुने विद्यार्थी असतील तर त्यांच्यासमोर, मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. जबडा वरोऱ्याकडचा होता. त्यांना माती ओळखता आली होती, मी ती नाकारली. हे त्यांचं देणं माझ्याकडे आहे आणि ते मी अजून दिलेलं नाही.