बाबांवरचा निबंध आणि निमगडे बाई

निमगडे बाई ऐकताना तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. आपण वही धरून उभं राहावं, घसा खाकरून मोठ्यानं वाचायला लागावं, आणि बाईंची नजर आपल्या अनवाणी पायांवर. त्यांचं म्हणणं असं, की पोरगं खोटं वाचायला लागलं की त्याच्या पायाचा अंगठा जमीन उकरतो. "तोंड शिकवलेलं राह्यते. अंगठ्याले कोन शिकवन?" असं त्या म्हणत. आमच्या शाळेची जमीन शेणानं सारवलेली होती. तिला जिथे जिथे खड्डा पडला होता, तिथे कुणीतरी उभं राहून निबंध वाचला होता असं समजावं.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या अलीकडे, जंगलाच्या कडेला. गावाला मोठा तलाव, तलावाच्या पाळीजवळ, म्हणजे बांधाजवळ, आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं, आणि चौथीपर्यंतची एक शाळा. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं असतील. बाई बदलून आल्या तेव्हा मी चौथीत गेले होते. पहिल्याच शनिवारी त्यांनी 'माझे बाबा' या विषयावर निबंध लिहायला सांगितला. आम्हाला आनंद झाला, कारण आधीच्या गुरुजींनी तो फळ्यावर लिहून आमच्याकडून पाठ करून घेतला होता. सगळ्यांनी माना खाली घालून लिहिलं आणि वाचायला बाईंनी मला उभं केलं.

"माझे बाबा रोज सकाळी ऑफिसला जातात. संध्याकाळी येताना ते माझ्यासाठी खाऊ आणतात. रविवारी आम्ही सर्व जण बागेत फिरायला जातो."

बाईंनी माझ्या पायांवरची नजर काढली. "काय नाव तुझं? शेवंता ना? तुझा बाप कोनत्या हापिसात जाते वो, शेवंता?"

"तलावात," मी म्हटलं.

वर्गात कुणी हसलं नाही. हसणार कसं? सगळ्यांचेच बाबा ऑफिसला गेले होते. लच्छू मडावीचे बाबा तर तो लहान असतानाच वारले होते. तेही गेले होते.

बाई रागावल्या नाहीत. त्या ठेंगण्या, सावळ्या, जराशा तिरक्या चालायच्या. बारा महिने बगलेत काळी छत्री. पाऊस असो नसो, ऊन असो नसो, छत्री हवीच, आणि ती उघडलेली मात्र मी क्वचितच पाहिली. बोलताना त्या छत्रीचं टोक जमिनीवर आपटत. त्या दिवशी त्यांनी ते आपटलं आणि आम्हाला नियम सांगितले. पाहिलं तेच लिहायचं. निबंधात कुणाकडे काही मागायचं नाही. आणि तिसरा नियम मी दुसऱ्या कुठल्याच शाळेत कधी ऐकला नाही. बाई म्हणाल्या, "ज्याच्यावर लिवलं, त्याले आधी आयकवायचं. तो 'खरं आहे' म्हणन, तेव्हाच माझ्याकडं आणायचं."

वर्गात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत त्यांनी सुतळी बांधली. खरा ठरलेला निबंध त्या सुतळीवर टांगला जाई, वाळत घातलेल्या कपड्यासारखा. दर शनिवारी सकाळच्या शाळेला बाई दारातच उभ्या असत आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "आयकवलं का?"

मग गावात काय काय झालं म्हणून सांगू! लच्छूनं आपल्या आजोबांवर लिहिलं. आजोबांना मराठी नीटसं समजत नव्हतं. लच्छू बाईंकडे तोंड पाडून आला, तर बाई म्हणाल्या, "मंग तुमच्या गोंडीत सांग नं त्यायले. मी काय अडवून राह्यली का?" त्यानं गोंडीत सांगितलं. आजोबा इतके हसले म्हणे की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानांच्या द्रोणात बाईंसाठी रानबोरं आली. सरपंचाच्या मुलानं लिहिलं, 'माझे बाबा गावातील सर्वांना मदत करतात.' वाचताना त्याचा अंगठा जमिनीत घुसायला लागला होता. बाईंनी विचारलं, "आयकवलं का बाबाले?"

"हो बाई."

"मंग? काय म्हणाले?"

"म्हणाले, खरं आहे, अजून लिव."

बाईंनी छत्रीमागे तोंड लपवलं. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. नियम म्हणजे नियम, म्हणून सरपंचांचा निबंधही त्यांनी सुतळीवर टांगला. फक्त पार कोपऱ्यात, जिथे छप्पर गळायचं तिथे.

आता माझं. पाचवीची शाळा नाल्यापलीकडच्या गावात होती आणि आमच्या वस्तीतली एकही मुलगी तिथे गेली नव्हती. आई मासोळ्या घेऊन बाजाराला जायची, बाबा तलावावर, आणि धाकटा भाऊ, त्याला सगळे लहान्याच म्हणत, अजून सांभाळायच्या वयाचा होता. बाबांनी सांगून टाकलं होतं, "चौथी झाली का बस्स. मंग लहान्याले पाहाचं." मला मात्र पाचवीत जायचं होतं. इतकं जायचं होतं की नाल्याचा विचार आला तरी रडू यायचं. मी युक्ती काढली. बाईंना म्हटलं, निबंधातच लिहिते, बाबा मला शाळेत पाठवा म्हणून. वाचून दाखवावाच लागेल, म्हणजे त्यांना ऐकावंच लागेल.

"मागनं नाई लिवायचं," बाई म्हणाल्या. "मागाचं असन तं तोंडानं माग. निबंधात तुझा बाप कसा आहे ते लिव."

तोंडानं मागायची माझी हिंमत नव्हती. तेव्हा मी रागारागानं लिहिलं, 'माझे बाबा रागीट आहेत. जाळे फाटले की ते सर्वांवर ओरडतात.' संध्याकाळी बाबा छपरीत बसून जाळं विणत होते. मी लांब उभी राहून वाचलं आणि पळायच्या तयारीत राहिले. बाबांनी मान वर केली नाही.

"अर्धं आहे हे," ते म्हणाले.

"काऊन?"

"ओरडतो ते लिवलं. काऊन ओरडतो ते कोन लिवन?"

मग त्यांनी मला बसवून सांगितलं. पाणमांजर येतं, जाळ्यातली मासोळी खातं आणि जाताना जाळं फाडून जातं. विणायला सारा पावसाळा गेलेला असतो. मग बाबा कुणावर ओरडणार? पाणमांजरावर ओरडलं तर ते ऐकत नाही, म्हणून घरच्यांवर. मी ते सगळं लिहिलं, पुन्हा वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "अर्धं आहे." आता त्यांना निबंधात त्यांचे वडील हवे होते, ज्यांनी त्यांना डोंग्यातून, लहान होडीतून, पाण्यात ढकलून पोहायला शिकवलं. तेही लिहिलं. मग आई चुलीपासून ओरडली, "अन् मी कुठी आहो त्याच्यात? थ्या मासोळ्या आपल्या पायानं बाजारात जाते का?" आई आली. आईमागून लहान्या रडत आला, मलेही लिव म्हणून. बाबांवरच्या निबंधात सगळं घर येऊन बसलं आणि बाबा तरी म्हणतच राहिले, "अर्धं आहे."

शनिवारी दारात बाई. "आयकवलं का?"

"हो बाई."

"काय म्हणाला?"

"अर्धं आहे म्हणे."

"मंग बस. पुरं कर."

वर्गातल्या सगळ्यांचे निबंध सुतळीवर डुलत होते, माझाच तेवढा नव्हता. एका शनिवारी मला ते सहन झालं नाही. सगळी मुलं गेल्यावर मी बाकीच्यांचे निबंध बघत रडत उभी राहिले. म्हटलं, "बाई, सोडून द्या नं हा नियम, माझ्यापुरता." बाई जमिनीवरच माझ्याजवळ बसल्या. छत्री आडवी मांडीवर ठेवली.

"माझ्या बापाले वाचता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "लोकं त्याच्याबद्दल कागदावर काय काय लिवत. मालक लिवे, साहेब लिवे. लिवून झालं का त्याचा अंगठा घेत. अन् काय लिवलं थे कोनी त्याले वाचून दाखवे नाई. मी शाळेत जायले लागली, तं त्यानं मले पयलं काय सांगतलं माहीत आहे? 'पोरी, तू कोनावर लिवशीन तं त्याले आयकवजो.' आता सांग, तुह्यापुरता कसा सोडू?"

मी डोळे पुसले. त्या दिवसापासून बाईंवर माझा जीव जडला, तो आजतागायत. घरी जाऊन मी निबंध पुन्हा लिहायला घेतला.

हिवाळा गेला. मोहाची फुलं पडायला लागली तशी निम्मी शाळा पहाटेपासून झाडांखाली, आणि बाई फुलं वेचणाऱ्या मुलांमध्ये टोपली घेऊन फिरताहेत, "पायलं का? मंग लिव" असं म्हणताहेत, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. परीक्षा झाली. मी पास झाले आणि घरी बसायची वेळ आली. निबंध तसाच अर्धा होता.

निकालानंतर एका सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून शाळेत आले. शाळेत ते पूर्वी कधी आले नव्हते. दारातच उभे राहिले. मी लहान्याला कडेवर घेऊन त्यांच्या मागे.

"बाई, हा निबंध अर्धाच आहे," ते म्हणाले.

"मले माहीत आहे, भाऊ."

"चौथी तं झाली आता. पोट्टी घरी बसली तं पुरा कोन करन?"

"ते तुमीच सांगा."

"मले लिवता येते का? मी काय सांगू?" बाबांनी सुतळीवरच्या कागदांकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाचवीत गेली तं लिवनं सुटनार नाई."

"नाई सुटनार."

"मंग टाका तिचं नाव तिकडं." आणि लगेच माझ्या कडेवर बोट दाखवून, "पन ह्या लहान्याले कोन पायन?"

"माझ्या पयलीत बसवा त्याले," बाई म्हणाल्या. "वय नाई झालं तं काय झालं? रडला तं रडला. बाकीचे काय कमी रडते?"

असा माझा नाला ओलांडायचा प्रश्न सुटला. मी पुढे शिकले, परिचारिका झाले, गडचिरोलीला नोकरीला लागले. लहान्या पहिलीत इतका रमला की वर चढवलं तरी पुन्हा पहिलीतच जाऊन बसायचा. बाईंची काही वर्षांनी बदली झाली. एसटी थांबते तिथे सारा गाव जमला होता. मीही सुट्टी असल्यानं गावात होते. बाई खिडकीत बसल्या, छत्री बाहेर काढून तिचं टोक माझ्या दिशेनं केलं आणि गाडी सुटता सुटता ओरडल्या, "आयकवलं का?" मी ओरडले, "बाबा म्हणते, अर्धं आहे!" गाडीतल्या लोकांना काय वाटलं असेल देव जाणे.

हे सगळं मी अलीकडे लिहून काढलं. लिहून झाल्यावर अर्थातच वरोऱ्याला गेले. बाई तिथे लेकीकडे असतात. पार वाकल्या आहेत, पण कान शाबूत. छत्री खुंटीला. मी चपला दाराबाहेर काढल्या आणि इथपर्यंतचं सगळं वाचून दाखवलं. वाचत असताना त्या माझ्या पायांकडेच बघत होत्या.

"अंगठा तं गप्प होता," त्या म्हणाल्या. "पन अर्धं आहे."

"काय राह्यलं बाई?"

"तू चौथीत होती तवा, दिवाळीच्या आंधी, तुझा बाप मले पाळीवर भेटला होता. म्हणे, बाई, मी 'खरं आहे' म्हटलं तं पोट्टी काय करन? मी म्हटलं, मंग झालं तुमच्यावरचं, पोट्टी दुसऱ्या कोनावर लिवन. म्हणे, मंग सांजच्याले मले वाचून दाखवते थे? म्हटलं, थे बंद. लई वेळ पान्याकडं पाहत राह्यला. अन् म्हणाला, मंग थे अर्धंच आहे."

लेकीनं आणून ठेवलेला चहा मी तसाच धरून बसले.

"मले कधी सांगतलं नाई तुमी," मी शेवटी म्हटलं.

"त्याचं होतं थे. आज माझ्यावर लिवून आणलं, अन् मी 'खरं आहे' म्हणावं म्हणतेस. मंग सांगाच लागते." आणि त्यांनी खुंटीवरच्या छत्रीकडे बघून विचारलं, "त्याले आयकवलं का?"

बाबा गावातच आहेत. आता तलावावर जात नाहीत. नजर मंदावली तरी छपरीत बसून बोटांच्या अंदाजानं जाळं विणतात. येत्या शनिवारी मी गावाला जाते आहे. त्यांच्याजवळ बसून हे सगळं त्यांना वाचून दाखवायचं आहे. ते काय म्हणतील हे मला ठाऊक आहे, म्हणून कोरे कागदही सोबत घेतले आहेत.