खिडकीजवळचा खांब

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की नागपुरात माणसं सुखावतात. मला मात्र काकांच्या घरामागचं अंगण आठवतं. खाप्याहून, माझ्या गावाहून, शिकायला आलो तेव्हा काकांनी मला ठेवून घेतलं, जेवू घातलं. त्यांच्यामुळेच मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो. हिंगण्याला कारखान्यात नोकरी लागल्यावर मी दुर्बीण घेतली आणि आकाशाचे फोटो काढण्यासाठी अंगणात एक पक्का खांब बांधू का, असं भीतभीतच विचारलं. "बांध न गा, त्या खिडकीजवळच्या कोपऱ्यात बांध," काका लगेच म्हणाले. मला भरून आलं. शिफ्ट सुटल्यावर मी स्वतः खड्डा खणला, कोणाच्या चालण्याचा हादरा पोचू नये म्हणून खांब फरशीपासून सुटा ठेवला, माथ्यावर दुर्बिणीसाठी बोल्ट बसवले, रोज सिमेंटवर पाणी मारलं. मग एका रविवारी गावाहून परतलो, तर बोल्ट ग्राइंडरने कापलेले होते आणि खांबावर नवा कूलर घरघरत होता. आत काका पाहुण्यांना सांगत होते, "आमच्या पोट्ट्यानं बांधला. एवढा मोठा कूलर, पण पाहा, जरासाबी हालत नाही!" पाहुणे माझ्याकडे कौतुकाने पाहू लागले. "काहून उभा राहिला गा? बस न हवेत," काका म्हणाले, आणि मी बसलो. आजही मी चारचौघांत काकांचे उपकार सांगतो, मनापासून सांगतो. पण तो कोपरा त्यांनी इतक्या चटकन का दाखवला होता, हे विचारायला माझं तोंड अजून उघडत नाही.